जुन्या बाजारातली गिटार

पुण्याचा जुना बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिथे काय मिळतं हे विचारू नये. काय मिळत नाही ते विचारावं. बंद घड्याळं, पितळी नळ, दाराचे कोयंडे, कुणाच्या तरी आजोबांचा चष्मा, सगळं ताडपत्रीवर मांडलेलं. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता माझी भाची अशाच एका ताडपत्रीवरून इलेक्ट्रिक गिटार उचलून घरी घेऊन आली. किंमत साडेतीन हजार. पैसे तिचे स्वतःचे, शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले. सोबत छोटा अँप्लिफायर फुकट मिळाला, हे ती मोठ्या अभिमानानं सांगत होती. ‘फुकट’ शब्द ऐकला की माझे कान टवकारतात, पण त्याविषयी पुढे.

ताईनं, म्हणजे तिच्या आईनं, गिटारकडे एकदाच पाहिलं आणि निकाल दिला, ‘‘जानेवारीपर्यंत वाजली तर ठीक, नाहीतर रद्दीवाल्याला. आणि मग परत गिटारचं नाव काढायचं नाही.’’ जानेवारीत कॉलेजचं गॅदरिंग होतं आणि बाईसाहेबांनी तिथे नाव देऊनही टाकलं होतं. वाद्य हातात यायच्या आधी!

गिटारची अवस्था काय सांगावी! कंपनीचं नाव खरवडलेलं, तारा गंजलेल्या, बटणं फिरवली की पापड भाजल्यासारखी करकर. शिवाय भाचीच्या फोनमध्ये एक यादी तयार होती: नवे पिकअप, नवा ब्रिज, नव्या खुंट्या, वर नवा रंग. बेरीज सतरा हजार. मी म्हटलं, ‘‘यादी राहू दे बाजूला. आधी काय बिघडलंय ते बघू, मग काय बदलायचं ते ठरवू.’’

मला गिटार वाजवता येत नाही. तीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडल्या, तेवढंच भांडवल. पण यात लाजण्यासारखं काही नाही. ज्या गिटारची ही नक्कल होती, ती स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली बाजारात आणणारे लिओ फेंडर यांनाही गिटार वाजवता येत नव्हती. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळे त्यांनी गिटार केली तीही दुरुस्तीवाल्याच्या नजरेनं. मान म्हणजे नेक चार स्क्रूंनी बसवलेली, सगळी वायरिंग एका प्लास्टिकच्या पत्र्यामागे. स्क्रू ड्रायव्हर चालवता येणाऱ्या कुणालाही ती उघडता यावी, अशी. जगभर तिच्या इतक्या नकला झाल्या त्यालाही हे एक कारण असावं.

उघडण्याआधी एकदा वाजवून तर बघू, म्हणून भाचीनं अँप्लिफायर लावला. दोन मिनिटांत म्हणाली, ‘‘मामा, तारांना हात लावला की मुंग्या येतात.’’

मी आधी प्लग उपसला, मग बोललो.

पुष्कळांना वाटतं की इलेक्ट्रिक गिटारमध्ये वीज ‘भरलेली’ असते. साध्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये बॅटरीसुद्धा नसते. तारेच्या कंपनातून तयार होणारी वीज इतकी थोडी की तिचा चटका मुंगीलाही बसू नये. पण गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून थेट अँप्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. पत्र्यात घरची वीज झिरपत असेल तर ती सरळ वाजवणाऱ्याच्या बोटांत येते. आमच्या ‘फुकट’ अँप्लिफायरला दोन पिनांचा प्लग होता. अर्थिंगची तार कुणीतरी कधीच कापून टाकलेली. टेस्टर लावला तर मिणमिण उजेड. आणि भाची फरशीवर अनवाणी!

यातलं भय खोटं नाही. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात भर कार्यक्रमात गेला. हातात गिटार होती आणि त्यानं अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये स्वतःच्या घरी गिटार वाजवताना गेला. तिथेही कारण अर्थिंगचंच.

अँप्लिफायर मी स्वतः उघडला नाही. जुन्या अँप्लिफायरमधले कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवू शकतात. तपकीर गल्लीतल्या एका जाणत्या कारागिराकडे नेला. त्यानं तपासून तीन तारांची नवी वायर आणि तीन पिनांचा प्लग बसवला. घरी येऊन लावला, तरी टेस्टर मिणमिणलाच! मग लक्षात आलं की ताईच्या हॉलमधल्या सॉकेटमध्ये वरचं जाड भोक नुसतं शोभेचं होतं, मागे तारच जोडलेली नव्हती. इलेक्ट्रिशियन बोलावून ते करून घेतलं, मेन बोर्डावर तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवला. त्या सॉकेटवर इतकी वर्षं ताईची इस्त्री चालत होती. त्या दिवसापासून गिटारबद्दलचा तिचा सूर जरासा मवाळ झाला.

आता मुख्य काम. पत्रा उघडला की आत तीन पिकअप, तीन बटणं आणि एक पाच घरांचा स्विच. मूळ स्ट्रॅटोकास्टरला तीनच घरं होती. वादक मंडळी स्विच दोन घरांच्या मधे अडकवून वेगळाच आवाज काढायची, म्हणून १९७७ पासून कंपनीनं पाच घरांचा स्विच दिला. आमच्या स्विचला काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरला. बटणांमागचे पॉट मात्र झिजलेले निघाले. अडीचशे किलोओहमचे ‘ए’ छापाचे तीन नवे आणले. ‘बी’ छापाचे घेऊ नका. त्यांच्यात आवाज हळूहळू उतरत नाही, एकदम गुडूप होतो. जॅक सैल होता, तोही बदलला.

पिकअप तपासायला मल्टिमीटर पुरतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्ट्रॅटोकास्टरमध्ये ते सात-आठ हजारांच्या घरात असतात. वर पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज उमटते. (म्हणूनच या गिटारला नायलॉनच्या तारा लावल्या तर ती मुकी.) चांगल्या पिकअपचा रोध पाच-सहा किलोओहमच्या आसपास येतो. आमचे तिन्ही सहाच्या जवळपास, म्हणजे ठणठणीत. नऊ हजारांचे नवे पिकअप यादीतून गेले. भाचीचं तोंड पडलं, पण मीटरपुढे कुणाचं काय चालतं!

आणि इथे मी हात दाखवून अवलक्षण केलं. मधला पिकअप सोडवताना स्क्रू ड्रायव्हर त्याच्या जवळ नेला. चुंबकच तो, त्यानं पातं खटकन ओढून घेतलं आणि टोक वेढ्यांत रुतलं. पुन्हा मीटर लावला तर काटा हलेना. भाची काही बोलली नाही, हे जास्त लागलं. तीन महिन्यांच्या शिकवण्यांच्या पैशांवर मी चरा पाडला होता.

पंखे-मिक्सरची मोटर भरून देणाऱ्या दोघांना दाखवला. एवढी बारीक तार बघून दोघांनीही हात जोडले. रात्री मीच भिंग घेऊन बसलो. पातं बाहेरून लागलेलं, म्हणजे आतले वेढे शाबूत असणार. तुटकं टोक सापडलं. त्याच्या खालीही काही वेढ्यांना चरे होते. एकेक करत दोन-अडीचशे वेढे सोडले, पुढे तार सलग लागली. तिच्या टोकावरचं इनॅमल पॉलिशपेपरनं फुंकर घातल्यासारखं घासलं आणि पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननं जोड दिला. आधी ६.१ किलोओहम होते, आता ५.९. कानाला फरक कळत नाही. मल्टिमीटरवर तो आकडा दिसला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि मी भाचीला उठवून तो दाखवला.

पुढे पोकळीत आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती वायरिंगच्या अर्थिंगशी जोडली. त्यामुळे चरचर बरीच गेली. सगळी गेली नाही. एकेरी वेढ्याचा पिकअप आसपासच्या विजेची पन्नास सायकलची घूं उचलतोच. त्यावर १९५५ साली गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी तोड काढली. दोन वेढे उलटसुलट जोडले, घूं एकमेकांत कटते आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. तो हंबकर. पण त्याचा आवाजही वेगळा, जाडसर. आमच्या बाईंना काचेसारखा स्वच्छ आवाज हवा होता, तेव्हा थोडी घूं पत्करली. वायरिंग बरोबर आहे की नाही याची एक सोपी खूण: तारांना हात लावल्यावर घूं कमी झाली पाहिजे. वाढली तर जॅकच्या दोन तारा उलट्या लागल्या आहेत.

एवढं सगळं केलं तरी गिटार वाजते ती बोटाखाली. मानेवरच्या पहिल्या तीन-चार फ्रेटना, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांना, तारांनी खाचा पाडल्या होत्या. लाकडावर मास्किंग टेप लावली, फ्रेटच्या माथ्यावर मार्करनं काळं केलं, काचवाल्याकडून जाड काचेची पट्टी आणून तिला चारशे नंबरचा पॉलिशपेपर चिकटवला आणि तारेच्या रेषेत घासत राहिलो. सगळीकडचं काळं एकसारखं गेलं की माथे एका पातळीत आले. मग बारीक कानशीनं गोलाई, मग सहाशे, हजार, दोन हजार नंबरचा पेपर आणि शेवटी ब्रासो. दोन रविवार गेले. हे काम भाचीनंच केलं. टेप काढली तेव्हा खालचं काळपट तांबूस लाकूड दिसलं. माझी आई चष्मा सरसावून म्हणाली, ‘‘अगं, हे तर शिसव. माझ्या माहेरच्या पलंगाचं.’’ आपल्या सह्याद्रीतल्या शिसवाच्या पट्ट्या परदेशी गिटारींनाही लागतात. शिसवाच्या सगळ्या जातभाईंच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ मध्ये निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली.

मानेच्या टोकाशी तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी म्हणजे नट. आमचा प्लास्टिकचा नट तडकलेला होता. हाडाचा आणला. हाड म्हटल्यावर आईनं ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवू दिलं नाही, गॅलरीत बसून कानस चालवावी लागली. खाचा पाडून तारा चढवल्या तर तिसरी तार झणझणली. अगदी सतारीसारखी! तेव्हा मला मिरजेला पाहिलेले तंबोऱ्याचे कारागीर आठवले. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) ते घोडीला असा काही उतार देतात की तार तिच्यावर घासत, झिरमिळत सुटावी. त्यालाच जवारी म्हणतात आणि ती साधायला आयुष्य जातं. माझ्या खाचेचा पुढचा काठ खाली गेला होता, तार मागच्या काठावर टेकून पुढे घासत होती. म्हणजे नकळत मी गिटारला जवारी काढली होती! तंबोऱ्याचा जो प्राण, तोच इथे दोष. नवा तुकडा घेऊन खाच खुंट्यांच्या बाजूला उतरती केली, तार पुढच्या काठावरून स्वच्छ सुटू लागली.

मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ती ॲलन कीनं आवळता किंवा सैल करता येते. सहा तारांचा ताण मिळून चाळीसेक किलो भरतो, त्यापुढे लाकूड वाकणारच. पहिल्या फ्रेटवर आणि मान धडाला मिळते तिथे तार दाबून धरली की मधे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. एका वेळी पाव फेराच द्यायचा. जोर लागला तर थांबायचं, कारण सळई तुटली तर मानच टाकून द्यावी लागते.

हे सगळं जुळलं, तरी तारा उंचच. बाराव्या फ्रेटपाशी तीन मिलिमीटर. ब्रिजवरचे घोडे पार तळाला टेकवले, तरी तीनच. दाबताना भाचीची बोटं दुखत होती आणि सूर चढत होते. गॅदरिंगला नऊ दिवस उरले होते. ‘‘नवा ब्रिज आणूया ना,’’ ती म्हणाली, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटायला लागलं होतं.

मग आठवलं. मान सोडवली त्या दिवशी तिच्या खाचेतून एक कळकट कागदाची घडी पडली होती. केर समजून मी ती टाकून दिली होती. नशीब असं की ती डब्यात न पडता खोक्यातच राहिली होती, जुन्या स्क्रूंच्या खाली. उलगडली तर एका ऑर्केस्ट्राच्या तिकिटाचा अर्धा तुकडा. ‘रात्रौ ९.३०’ एवढं वाचता येत होतं, आणि रांग ‘ड’. चार घड्या घालून कडा कात्रीनं नीट कापलेल्या. मोजली तर जाडी अर्धा मिलिमीटर.

ती घडी म्हणजे पाचर होती. मानेच्या खाचेत, धडाच्या बाजूच्या टोकाला ती ठेवली की मान किंचित मागे झुकते आणि तारा खाली येतात. मानेचा झोक जरासा बदलला की परिणाम पुढे वाढत जातो, म्हणून अर्ध्या मिलिमीटरच्या कागदानं बाराव्या फ्रेटपाशी जवळजवळ एका मिलिमीटरचा फरक पडतो. आधीचा मालक, बहुधा त्याच ऑर्केस्ट्रात वाजवणारा, हे जाणून होता. हाताशी असेल ते घेऊन त्यानं काम भागवलं होतं. मी, तीस वर्षांचा अनुभवी, ते केरात काढलं.

मी नवीन जाड कागद कापायला घेतला, तर भाचीनं हात धरला. तेच तिकीट परत घालायचं म्हणाली. कळकट आहे म्हटलं, तर तिनं ब्रायन मेचं उदाहरण दिलं. क्वीन बँडच्या या गिटारवादकानं १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या लाकडाची, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, मानेवरचे ठिपके आईच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. पुढे आयुष्यभर तो तीच वाजवत राहिला. मला यातलं एवढंच ठाऊक होतं की त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला. तेव्हा वाद घातला नाही. तिकीट पूर्वीच्याच घड्यांवर दुमडून पूर्वीच्या जागी ठेवलं, चार स्क्रू आवळले, तारा चढवल्या. उंची दोन मिलिमीटर.

शेवटी सूर. नट ते बारावा फ्रेट ३२४ मिलिमीटर, तेवढंच पुढे ब्रिजपर्यंत. पण तारेच्या जाडीप्रमाणे प्रत्येक घोडा थोडा मागे सरकवावा लागतो. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून एकदा आणि दाबून एकदा वाजवायची. दाबलेला सूर चढा असेल तर घोडा मागे, उतरा असेल तर पुढे. फोनवरचं सूर दाखवणारं ॲप यासाठी पुरेसं आहे. गिटारवर सगळा मिळून खर्च अडीच हजारांच्या आत झाला. आरसीसीबीचा खर्च ताईनं वेगळा दिला, न मागता.

गॅदरिंगमध्ये दुसऱ्या गाण्यात दुसरी खुंटी घसरली. भाचीनं वाजवता वाजवताच ती फिरवून घेतली, निदान तिच्या मैत्रिणी तसं सांगतात. मी मागच्या रांगेत होतो आणि माझं अर्धं लक्ष स्टेजवरच्या एक्स्टेन्शन बोर्डाकडे होतं. कार्यक्रमाआधी जाऊन मी त्याला टेस्टर लावून आलो होतो. ताई माझ्या शेजारी बसली होती. गाणं संपल्यावर तिनं विचारलं, ‘‘ती खुंटी बदलायला किती लागतील रे?’’

रंग काही आम्ही दिला नाही. भाचीच्या मनात पिकअप अजून आहेतच. मी तिला म्हटलंय, एक पावसाळा जाऊ दे, मान किती हलते ते बघू, मग बोलू.